दोनदा वाटलेले पेढे

आमच्या संस्थेत माणसाचा अभ्यास चालायचा. पाळण्यातल्या माणसापासून काठी टेकत येणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांचा. विद्यापीठाने अंधेरी पूर्वेला, मरोळच्या रस्त्यावर, एक जुना बंगला भाड्याने घेऊन त्यात तीन विभाग थाटले होते. पुढच्या खोलीत तान्ही मुलं आणि त्यांच्या आया. मधल्या दालनात वाढ मागे राहिलेली मुलं. मागच्या, आंब्याच्या सावलीतल्या खोलीत म्हातारे. साठचं दशक सरत आलं होतं. मी मानसशास्त्रात एम.ए. होऊन नुकतीच तिथे लागले होते आणि कुणी ‘काय काम करतेस गं’ असं विचारलं की माझी पंचाईत व्हायची. माणसाची वाढ कशी होते ते बघतो, असं म्हटलं की आमच्या समोरच्या काकू म्हणायच्या, “त्यात बघायचंय काय? खायला घाला, वाढतंय.”

मला मात्र ती जागा मनापासून आवडायची. सकाळी तान्ही मुलं साडी ओली करायची, दुपारी म्हातारे डोकं खायचे, आणि संध्याकाळी मी दमून, खुशीत घरी यायची. म्हातारे माझे विशेष लाडके. वयाबरोबर स्मरणशक्ती कशी बदलते, हा तिथला विषय. आम्ही आकडे वाचून दाखवायचे आणि त्यांनी ते त्याच क्रमाने परत म्हणायचे, एवढंच काम. पण पेन्शनर मंडळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी हजर असायची. त्यातले एक निवृत्त हेडक्लार्क आजचे आकडे तर म्हणायचेच, वर “गेल्या खेपेचे सांगू?” म्हणून तेही ऐकवायचे आणि शेजारच्याकडे अशा नजरेने बघायचे की तो बिचारा आपले आकडे विसरायचाच. त्यांचा अभ्यास संपला तरी ते येत राहिले. बाईंनी चहाचं आधण वाढवायला सांगितलं आणि तो विषय मिटला.

बाई म्हणजे आमच्या संचालक. परदेशात शिकून आलेल्या, हातमागाची जाड साडी नेसणाऱ्या आणि नियमाला पक्क्या. एकदा ठरलं की ठरलं. मला त्यांचा धाक होता आणि त्या आवडायच्याही.

आता धाकट्याबद्दल. माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याच्या वेळी आई अडली, जन्मल्यावर तो बराच वेळ रडला नाही, आणि पुढे सगळंच उशिरा झालं: बसणं, चालणं, बोलणं. पालिकेच्या शाळेत दुसरीत तो इतकी वर्षं बसला की शेवटी बाकाखाली त्याचे गुडघे मावेनात, तेव्हा मास्तरांनीच वडिलांना बोलावून हात जोडले. मी सांगते आहे त्या वेळी तो विशीचा झाला होता. त्याची मिशी वडील दर रविवारी कातरून द्यायचे. रोज पहाटे आरेच्या केंद्रावरून दुधाच्या बाटल्या आणायच्या हे त्याचं काम, आणि बाटल्यांची चकचकीत झाकणं नखाने सपाट करून डब्यात जमवायची हा त्याचा उद्योग. तो कायम खुशीत असायचा. त्याच्यावर रागावणं फार कठीण होतं, आणि रागावण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते.

आई त्याला ‘सावकाश’ म्हणायची. “आमचा धाकटा जरा सावकाश आहे.” म्हणजे उशीर झालाय इतकंच, पोहोचेल. त्याला दुसरा शब्द होता, आणि संस्थेत तो मी दिवसातून अनेकदा लिहायची, पण घराच्या दाराशी चपलांबरोबर तोही काढून ठेवायची. पाहुणे आले की आई धाकट्याला स्वयंपाकघरात मटार सोलायला बसवायची. मटारचे दिवस नसले तर शेंगदाणे. पाहुण्यांनी “धाकटा कुठे दिसत नाही” म्हटलं की “अभ्यास करतोय” असं सांगायची. विशीतला मुलगा, ज्याला शाळा सोडूनही खूप वर्षं झाली, तो कसला अभ्यास करतोय हे कुणी विचारायचं नाही. आमचे पाहुणे तसे समजूतदार होते.

आईचा कठीण महिना म्हणजे जून. आमच्या दोन मजली बिल्डिंगमध्ये गॅलरीला लागून सगळ्यांची दारं, आणि निकाल लागले की या दारातून त्या दारात पेढे. काकूंना तीन मुलगे, तिघेही हुशार, त्यामुळे त्यांच्याकडचे पेढे दर वर्षी नक्की. काकू मनाने वाईट नव्हत्या. त्या आईच्या हातावर दोन पेढे ठेवायच्या आणि आवाज खाली आणून म्हणायच्या, “एक धाकट्याला द्या हं.” आई हसून घ्यायची. माझ्या पासाचे पेढे तिनेही वाटले, पण मुलाच्या पासाचा हिशेब त्या काळी वेगळा होता, आणि मी एम.ए. झाले तरी तो काही बदलला नाही. धाकट्याच्या नावाने आमच्या घरून कधी पेढा गेला नव्हता.

त्या वर्षी बाईंनी बंगल्यामागचा गोठा दुरुस्त करून घेतला. तिथे मोठ्या मुलांसाठी वर्कशॉप सुरू करायचं होतं. मरोळला कारखाने उभे राहत होते. त्यांच्याकडून स्क्रू वेगळे करणं, पुड्या बांधणं, खोकी चिकटवणं असं काम आणायचं आणि ज्यांना बाहेर कुणी कामावर ठेवणार नाही अशांना ते शिकवून पगार द्यायचा. ऐकलं त्याच दिवशी माझ्या मनात धाकटा आला. घरी माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती. आई भाजी निवडताना मध्येच म्हणायची, “आमच्यामागे ह्याचं काय गं?” आणि उत्तराची वाट न बघता उठून जायची. तिच्या त्या प्रश्नाला मी प्रथमच उत्तर देऊ शकत होते.

अट एकच होती. आधी चाचणी. तिच्यात एक रेषा ठरलेली, आणि रेषेच्या खाली असेल त्यालाच प्रवेश. वरच्यांना दुसऱ्या वाटा आहेत, असं विद्यापीठाचं म्हणणं. त्या वाटा कुठे आहेत हे विद्यापीठाने कधी सांगितलं नाही.

मी घरी हे सांगितलं तेव्हा आईने एकच शब्द ऐकला.

“परीक्षा आहे?”

“परीक्षा नाही गं, चाचणी.”

“तेच ते.”

“आई, यात पास-नापास असं काही नसतं. त्याला जे येतं ते बघतात फक्त.”

आई हसली. “परीक्षेआधी सगळे मास्तर असंच सांगतात.”

मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण दुसऱ्याच दिवशी मी मनोरीला गेले. तिथल्या कोळीवाड्यात म्हाताऱ्या माणसांची पाहणी होती, पंधरवडाभर मुक्काम. मार्व्याहून होडीने पलीकडे जायचं, सकाळी अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांमधून वाट काढत घरोघर हिंडायचं, आणि प्रश्न विचारायचे. म्हातारपण आलं असं तुम्हाला केव्हापासून वाटायला लागलं, हा आमचा मुख्य प्रश्न. एका आजीने मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, “ता माजे सुनेला इचार. तिला सगला म्हायती हाय.” मी ते तसंच लिहून घेतलं. इतका सुखाचा पंधरवडा मला नोकरीत पुन्हा लाभला नाही.

इकडे मी नसताना काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. चाचणीआधी पालकांच्या मुलाखती असत, त्यासाठी आईला संस्थेत दोन-तीनदा बोलावलं. ओसरीवर लांब बाक होता. त्यावर बसून आया आपल्या मुलांची वाट बघायच्या. त्या बाकावर आईची गाठ मनोरीच्याच एका कोळणीशी पडली. ती अंधेरीच्या बाजारात मासे विकायची, आणि त्या दिवशी टोपली बाजारात ठेवून मुलीला चाचणीला घेऊन आली होती. मुलगी बाहेर आल्याबरोबर माझ्या आईने तेच केलं जे परीक्षेच्या वर्गाबाहेर उभी असलेली कुठलीही आई करते. “काय काय विचारलं गं?”

मुलीने सांगितलं. कोळणीने त्यात भर घातली. “बाय, तिला इचारला, गाय दूद देते, तं कोंबरी काय देते? तं माजी पोर बोलली, रस्सा!” दोघी खूप हसल्या. पण हसता हसता आईने पक्कं लक्षात ठेवलं की अंडं म्हणायचं. पुढच्या खेपेला बाकावर दुसऱ्या आया होत्या, त्यांच्याकडून आणखी प्रश्न मिळाले. दोन-तीन खेपांतच तिच्याजवळ अख्खी प्रश्नपत्रिका गोळा झाली. आमच्या चाचण्या कपाटात कुलपाखाली असत, किल्ली बाईंच्या कमरेला. बाकाला कुलूप लावायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

पहिल्या खेपेपासूनच आमच्या घरात अभ्यास सुरू झाला. वडील तसे अबोल, विमा कचेरीत कारकून, पण यात तेही उतरले. ठोकळे जुळवायचे असतात असं आईने सांगितल्यावर त्यांनी लाकडी खोकं फोडून तंतोतंत ठोकळे कापले, वर रंगही दिला, आणि रोज संध्याकाळी गजराचं घड्याळ पुढ्यात ठेवून पर्यवेक्षक म्हणून बसू लागले. तोंडी विषय आईकडे. ती पोळ्या लाटता लाटता धाकट्याकडून उत्तरं घोकून घ्यायची. मी परत आले तेव्हा ठोकळे माळ्यावर गेले होते आणि तिघंही साळसूद चेहरा करून बसले होते.

चाचणीच्या दिवशी, सोमवारी, आईने धाकट्याच्या हातावर दही ठेवलं. त्याला नवा शर्ट घातला, केसांना तेल लावून भांग पाडला. नातेवाइकाची चाचणी आपण घ्यायची नाही हा नियम, म्हणून मला बाईंनी मागच्या खोलीत म्हाताऱ्यांकडे पाठवलं. माझं काही लक्ष लागेना. मी एक आकडा गाळून वाचला, तो हेडक्लार्कांनी ताबडतोब पकडला. चाचणी घेणारी माझी सहकारी नवीन होती. बाहेर आली ती म्हणाली, “किती गोड आहे गं तुझा भाऊ! किती आत्मविश्वास! प्रश्न संपायच्या आत उत्तर.”

मंगळवारी बाईंनी मला खोलीत बोलावलं. धाकटा रेषेच्या वर होता. थोडाथोडका नाही, चांगलाच वर.

“तुझ्या आईला आनंद होईल,” बाई म्हणाल्या. “पण वर्कशॉपात मला त्याला घेता येणार नाही. एक जागा उरली आहे, शनिवारी नावं विद्यापीठाकडे जातील. तू समजू शकतेस.”

मला काहीच समजत नव्हतं. मी वीस वर्षं त्याच्याबरोबर राहत होते. घरी जाऊन मी आईला निकाल सांगितला, आणि वर्कशॉपचं पुढे सांगणार तेवढ्यात ती उठलीच. तिला तेवढंच ऐकायचं होतं. पायात चपला अडकवून ती कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे गेली, आणि दिवे लागायच्या वेळेला गॅलरीतल्या प्रत्येक दारात आमच्या घरचे पेढे पोहोचले. माझ्या आईला मी त्याआधी तसं चालताना पाहिलं नव्हतं. ती काकूंच्या दारात ताठ उभी होती. “आमचा धाकटा पास झाला. विद्यापीठाची परीक्षा होती.”

काकूंनी तोंडभरून कौतुक केलं आणि आमच्या घरात येऊन धाकट्याला विचारलं, “वा रे वा! काय काय विचारलं रे तुला?”

धाकटा पाठ ताठ करून उभा राहिला आणि एका दमात, आरतीच्या चालीवर म्हणाला, “कोंबडी अंडं देते, आठवड्याचे दिवस सात, पाऊस आला तर आडोशाला उभा राहीन, घोडा मोठा की मांजर घोडा मोठा, पत्र सापडलं तर पोस्टात टाकीन, सूर्य सकाळी उगवतो!”

काकू टाळ्या वाजवून गेल्या. मी दार लावलं.

“आई, हे काय आहे?”

“काय म्हणजे? अभ्यास घेतला त्याचा.”

“तू चाचणीची उत्तरं पाठ करून घेतलीस?”

“मग परीक्षेला काय तसंच पाठवायचं? तुझा नाही का घेतला मॅट्रिकला?”

मी भडकले. फार वाईट बोलले. करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती, असंही म्हटलं, आणि त्याला जागा मिळत होती ती तू घालवलीस, तो पास झाला म्हणूनच त्याला घेत नाहीत, हे सगळं मी तिला ओरडून सांगितलं. वडील खिडकीतून बाहेर बघत राहिले. आईला आधी ते पटेचना. पास झालेल्याला घेत नाहीत, असली शाळा तिने ऐकली नव्हती. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं आणि ती खाली बसली.

“उद्या मी बाईंना सांगते,” मी म्हटलं.

“तू काही बोलायचं नाहीस.”

“अगं, पण शनिवारी...”

“एकदा पास झाला तो,” आई म्हणाली. “एकदाच. तू त्यात बोलू नकोस.”

धाकट्याने पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात दुधाची झाकणं रचायला घेतली होती.

बुधवारी संध्याकाळी आई मासे घ्यायला बाजारात गेली, पिशवी धरायला मी. ती कोळीण समोरच बसली होती. आईला बघून तिने बांगडे पुढे सरकवले आणि म्हणाली, “माजी पोर सोमवारपासून जानार कामाला. तुजा पोर कवा?”

“त्याला नाही घेत,” आई म्हणाली. “तो पास झाला.”

कोळणीचा हात थांबला. “पास कशाला केलास?”

“मी शिकवलं ना त्याला सगळं.”

“येरी हायस काय गो बाय? माजी नापास झाली म्हनून तं घेतली तिना. आता तुजे पोराला बाहेर कोन ठेवील कामाव? तुजा पास बघून देनार हायत काय कोनी नोकरी?”

तिने हे सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, कारण तिचा दुसरा आवाज नव्हता. आईने मान खाली घालून बांगडे घेतले. घासाघीस करायची विसरली. परत येताना जिन्यात थांबून मला म्हणाली, “उद्या किती वाजता येतात तुझ्या बाई?”

गुरुवारी ती माझ्याबरोबर निघाली. ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, जणू कुणाकडे लग्नाला चालली होती. बाईंच्या खोलीत तिला खुर्ची दिली तर ती कडेला टेकली. मी दाराशी उभी राहिले. मला वाटलं, हिला जमणार नाही, मलाच बोलावं लागेल.

“तुमच्या परीक्षेत काही चूक नाही,” आई म्हणाली. “चूक मी केली. त्याला येत नव्हतं. मी पाठ करून घेतलं.”

“किती?” बाईंनी विचारलं.

“सगळं.”

“ठोकळेसुद्धा?”

“ते ह्यांनी घरी कापले.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आईने पदर हातात घट्ट धरला होता. मग ती म्हणाली, “माझा मुलगा मंद आहे, बाई. त्याला इथे घ्या.”

वीस वर्षांत तिने तो शब्द उच्चारला नव्हता. आमच्यापुढे नाही, डॉक्टरांपुढे नाही, देवापुढेही नसेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मंगळवारी मी तिला काय काय बोलले होते ते सगळं मला त्या दाराशी आठवलं, आणि तिचा इतका अभिमान वाटला की आत जाऊन तिचा हात धरावा असं झालं. पण बाईंचा धाक होता, मी जागची हलले नाही.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, “पंधरा दिवसांत शिकला एवढं? कसं शिकवलंत?”

“चाल लावली. चालीवर त्याला राहतं.”

“कसली चाल?”

आईने माझ्याकडे बघितलं. मग लाजत, अगदी हलक्या आवाजात, ‘कोंबडी अंडं देते’पासून म्हणायला लागली. मधल्या दालनातली मुलं गप्प झाली. मागच्या खोलीतून हेडक्लार्क चहाचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले आणि दुसऱ्या ओळीपासून मान डोलवू लागले. बाईंनी हसू दाबलं, पण ते त्यांना काही नीट जमलं नाही.

“त्याला शिकता येतं, हे कळलं मला,” त्या म्हणाल्या. “शिकवायलाही आवडेल. पण नियम तो नियम. वेगळी चाचणी आहे, उद्या ती घेऊ. आणि या वेळी अभ्यास नाही.”

“नाही घेत,” आई म्हणाली. “शपथ.”

शुक्रवारी सकाळी आमच्या घरात मोठा पेच पडला. आईने सवयीने दह्याची वाटी काढली आणि चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. “काय करू? दही पास व्हायला देतात.”

“देऊन टाक,” वडील म्हणाले. “देवाला कळतं.”

तिने दही दिलं. मग देवासमोर उभी राहून बराच वेळ हात जोडले. काय मागावं हे तिला सुचत नसावं. आमच्या गणपतीकडे आजवर कुणी ते मागितलं नसणार.

चाचणी झाली. मी पुन्हा मागच्या खोलीत, आणि त्या दिवशी आकडे वाचायचं काम हेडक्लार्कांनीच आपणहून अंगावर घेतलं. आई ओसरीच्या बाकावर एकटी बसली होती. शेजारी दोन आया येऊन बसल्या, त्यातल्या एकीने “काय काय विचारतात हो?” असं विचारलं, तर आईने तोंडावर बोट ठेवून नकारार्थी मान हलवली. सहकारी कागद घेऊन बाईंकडे गेली. थोड्या वेळाने बाई स्वतः दारात आल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली. रेषेच्या खाली. नीट खाली.

मी ओसरीवर धावले. “आई, नापास!”

पास-नापास असं काही नसतं, हे मीच विसरले होते. आईने डोळे मिटले, हात जोडले, आणि रडली. बराच वेळ रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “मिठाईवाल्याचं दुकान उघडं असेल ना गं या वेळेला?”

संध्याकाळी खोकं धाकट्याच्या हातात होतं. याआधी पेढे वाटताना आईने त्याला घरातच ठेवलं होतं, या वेळी तो पुढे आणि ती मागे. गॅलरीत येऊन त्याने पहिल्याच दाराशी आवाज दिला आणि मग प्रत्येक दाराशी. “मी नापास झालो! पेढा घ्या!” लोक बाहेर येऊन त्याच्याकडे आणि मग आईकडे बघत होते. मी आमच्या उंबऱ्यात उभी होते. आई त्याला आता गप्प करेल, मग गप्प करेल, असं मला वाटत होतं.

काकू बाहेर आल्या. “अहो, मंगळवारीच वाटलेत ना पेढे? आता पुन्हा कसले?”

“मी नापास झालो!” धाकट्याने सांगितलं.

काकूंनी गोंधळून आईकडे पाहिलं.

“हो ना,” आई म्हणाली. “नापास झाला. सोमवारपासून कामाला जाणार.” तिने धाकट्याच्या हातातलं खोकं जरा पुढे केलं. “घ्या. दोन घ्या.”